रिपोर्टातला लाल आकडा

मागचे दोन शनिवार लिहायला जमलं नाही. पहिला रिलीजने खाल्ला आणि दुसरा एका आकड्याने. रिलीजबद्दल सांगण्यासारखं काही नाही, नेहमीचंच रडगाणं. आकड्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तो काही फक्त माझा नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या पीडीएफमध्ये तो येऊन पडला असणार, नाहीतर पुढच्या वर्षी पडेल.

तर झालं असं. दरवर्षीप्रमाणे यंदाही कंपनीतर्फे आरोग्य तपासणी झाली. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग कॅन्टीनमध्ये फुकटची इडली खायची आणि चार दिवसांनी व्हिटॅमिन डी कमी आलं म्हणून एकमेकांना चिडवायचं (ते सगळ्या हापिसाचं कमीच असतं, उन्हात जातंय कोण?). यंदा 'महिलांसाठी विशेष पॅकेज' होतं. त्यात काय काय आहे हे मी लायसन्स अ‍ॅग्रीमेंट वाचते तितपतच वाचलं. म्हणजे तळाशी जाऊन टिक केलं.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, आणि शेवटच्या पानावर ए.एम.एच. १.१. पुढे लाल रंगात खाली जाणारा बाण. हे काय प्रकरण आहे म्हणून गूगल उघडेपर्यंत फोन वाजला. "मॅम, तुमचा ए.एम.एच. थोडा लो साइडला आलाय. एज ३३ ना तुमचं? आमच्याकडे एग फ्रीझिंगचं कन्सल्टेशन या महिन्यात २० टक्के डिस्काउंटमध्ये आहे."

मी आयुष्यात बरेच सेल्स कॉल घेतलेत. क्रेडिट कार्ड, प्लॉट, विमा. पण "तुमच्यातलं काहीतरी संपत आलंय" असं सांगणारा हा पहिलाच.

पुढचे चार दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. आम्ही दोघांनी ठरवलं होतं की मूल दोन वर्षांनी. घराचे हप्ते आहेत, नवऱ्याचं जर्मनीचं काम घाटतंय. तो प्लॅन पहिल्या रात्रीच कोसळला. दुसऱ्या रात्री एक स्प्रेडशीट तयार झाली: 'आत्ता', 'फ्रीझ', 'नंतर' असे तीन कॉलम, आणि खाली खर्च. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना कळलं (कसं ते विचारू नका). त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या न बोलण्याचा आवाज थेट सांगलीहून पुण्यापर्यंत आला. चौथ्या दिवशी आम्ही दोघं इतके भांडलो की शेवटी मी एकटीच माझ्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "ही टेस्ट तुला कुणी करायला सांगितली?"

"कंपनीने."

"मूल कंपनीला हवंय का तुला?"

मला एकदम हसूच आलं. चार दिवसांत पहिल्यांदा. मग त्या म्हणाल्या, "अगं, हा आकडा बीजांचा नाहीच. बीजाभोवतीच्या पेशींचा आहे. घरी जाऊन नीट वाच. इंजिनिअर आहेस ना, आधी सिस्टीम समजून घे, मग अलार्मकडे बघ."

तो सल्ला मी शब्दशः घेतला, आणि दुसरा शनिवार गेला तो असा.

वाचायला बसले तेव्हा माझ्या डोक्यात अंडाशय म्हणजे एक गोदाम होतं. आत माल ठेवलाय, दर महिन्याला एक नग बाहेर जातो, नवीन माल येत नाही, आणि ए.एम.एच. म्हणजे उरलेल्या मालाची यादी. दहावीच्या पुस्तकात 'पुटिका' असा शब्द होता, तो परीक्षेपुरता पाठ केला होता. पुटिका म्हणजेच डॉक्टर ज्याला फॉलिकल म्हणतात ते. पण त्या पुटिकेच्या आत काय चालतं हे ना कुणी शिकवलं, ना आम्ही विचारलं.

गोदामाची कल्पना निम्मी खरी आहे, ते आधी मान्य करते. माझी आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती पाच महिन्यांची गरोदर होती, पोटात माझी आई. पाणी चढायला लागल्यावर ती शेजारच्यांच्या माडीवर कशी गेली ही गोष्ट आमच्या घरी शंभरदा सांगून झालीय. आता मला कळलं की त्या माडीवर आणखी कुणीतरी होतं. गर्भ साधारण वीस आठवड्यांचा असतो तेव्हा मुलीच्या अंडाशयात बीजपेशींची संख्या सर्वांत जास्त असते: साठ ते सत्तर लाख. तिथून पुढे उतरणच. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख, वयात येताना तीनचार लाख. आणि सगळ्या आयुष्यात मिळून प्रत्यक्ष बाहेर पडतात ती जेमतेम चारशे. म्हणजे ज्या बीजापासून मी झाले ते १९६१ सालीच माझ्या आईत तयार होत होतं, आणि मी जन्मले १९९२ ला. मधली तीस वर्षं ते बीज काय करत होतं?

इथेच गोदाम कोसळतं. ते नुसतं पडून नव्हतं.

प्रत्येक बीज सुरुवातीपासून एकटं नसतंच. त्याच्याभोवती चपट्या पेशींचा एक थर असतो, एखाद्या वस्तूला घट्ट कागद गुंडाळावा तसा. बीज आणि हा थर मिळून झालं फॉलिकल. या भोवतालच्या पेशी म्हणजे पुढे ज्यांना ग्रॅन्युलोसा म्हणतात त्या. आतल्या बीजाने गुणसूत्रं अर्धी करण्याचं विभाजन आईच्या पोटातच सुरू केलेलं असतं आणि अर्ध्यावर थांबवलेलं असतं. लहान बीजाकडे ते पुढे न्यायची यंत्रणाच नसते, त्यामुळे ते थांबतं यात नवल नाही. नवल पुढे आहे.

एके दिवशी त्या लाखोंतल्या काही फॉलिकल्सना जाग येते. नेमकी त्यांनाच आणि नेमकी तेव्हाच का, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. जाग आली की पहिल्यांदा आकार बदलतात त्या बाहेरच्या पेशी. चपट्या होत्या त्या चौकोनी ठोकळ्यांसारख्या होतात, मग एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि एका थराचे अनेक थर. बीजही फुगत जातं. मिलिमीटरच्या शंभरातले तीनचार भाग होतं, ते मिलिमीटरचा एक दशांश होतं. ऐकायला फालतू वाटेल, पण शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी ही एक. पूर्ण वाढलेलं बीज नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढं दिसू शकतं.

वाढताना बीज स्वतःभोवती एक जाड पारदर्शक कवच बनवतं. आता कवच आलं म्हणजे आतलं आत आणि बाहेरचं बाहेर, असं वाटेल. पण ग्रॅन्युलोसा पेशी त्या कवचातून बारीक बारीक हात आत घालतात आणि थेट बीजाला चिकटतात. जिथे चिकटतात तिथे सूक्ष्म दारं असतात. त्यांतून बीजाला कच्चा माल जातो, आणि निरोपही. बीज मोठं आणि दिमाखदार असलं तरी साखरेपासून ऊर्जा काढण्यात ते कच्चं असतं. ते काम आजूबाजूच्या पेशी करतात आणि तयार घास आत सरकवतात.

मग बीज नुसतं आयतं खातं का? तेही नाही. १९९६ साली संशोधकांनी उंदरांत एक जनुक बंद केलं. जीडीएफ-९ नावाचं प्रथिन बनवणारं हे जनुक अंडाशयात बीजातच काम करतं. ते बंद झाल्यावर बाहेरच्या पेशींची वाढ पहिल्या थरालाच अडकली. पुढचे थर चढलेच नाहीत. म्हणजे बाहेरच्यांनी वाढावं असा निरोप आतून येतो, आणि आतलं जगतं ते बाहेरच्यांच्या जिवावर. आमच्याकडे दोन सर्व्हिस अशा एकमेकींवर अवलंबून असल्या की आर्किटेक्ट 'सर्क्युलर डिपेंडन्सी' म्हणून ओरडतो. इथे सगळी इमारतच त्यावर उभी आहे.

आता थांबण्याची गोष्ट. बीज पूर्ण वाढलं की अर्धवट सोडलेलं विभाजन पुढे न्यायची सगळी यंत्रणा त्याच्याकडे तयार असते. तरी ते थांबलेलंच राहतं. मला वाटलं, 'सुरू हो' या हुकमाची वाट बघत असेल. १९३५ साली पिंकस आणि एन्झमन या दोघांनी सशाची बीजं फॉलिकलमधून बाहेर काढून नुसती ठेवली, आणि ती कुणीही न सांगता पुढे निघाली! म्हणजे बीज सुरू होण्याची वाट बघतच नव्हतं. त्याला कुणीतरी धरून ठेवलं होतं.

धरून ठेवणाऱ्या त्याच, भोवतालच्या पेशी. त्या सायक्लिक जीएमपी नावाचा एक छोटा रेणू त्या दारांतून सतत आत सोडत राहतात, आणि तो आत पोचतोय तोवर बीज हलत नाही. २०१० साली उंदरांवरच्या कामातून या साखळीचा आणखी एक दुवा कळला: बाहेरच्या थरातल्या ग्रॅन्युलोसा पेशी एक निरोप सोडतात, बीजाला बिलगलेल्या पेशी तो घेतात आणि मग हा रेणू बनवतात. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला हँडल सतत दाबून धरावं लागतं, हात सुटला की गाडीला ब्रेक लागतो. इथे बरोब्बर उलटं. हात सुटला की गाडी सुटते. महिन्याच्या मध्यावर मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतून एलएचची लाट येते, दारं बंद होतात, रेणूचा पुरवठा आटतो, आणि तीस वर्षं अडलेलं विभाजन पुढे सरकतं. साधारण छत्तीस तासांत बीज बाहेर. रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६०च्या दशकात मानवी बीजं बाहेर काढून ती पिकायला किती तास लागतात हे बघत काढलं, त्यातून पुढे १९७८ साली लुईस ब्राउन जन्मली. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी हर्षा जन्मली, तीही याच ज्ञानाच्या आधारावर. बीज कधी काढायचं हे कळल्याशिवाय टेस्ट ट्यूबचा काय उपयोग?

एक गोष्ट मला हे वाचताना सारखी खटकत राहिली. 'दर महिन्याला एक बीज तयार होतं' असं आपण म्हणतो. महिन्याला तयार होत नाही हो. अनेक थर चढलेल्या पण अजून मिलिमीटरचा पाचवा भागही नसलेल्या फॉलिकलला तिथून बाहेर पडायच्या क्षणापर्यंत साधारण ८५ दिवस लागतात. त्याआधीचे काही महिने वेगळे. म्हणजे या महिन्यात सुटलेलं बीज शेवटच्या टप्प्याला लागलं तेव्हा मी तीन रिलीज मागे होते.

शेवटच्या पंधरवड्यात मात्र खरी चुरस. दोन ते पाच मिलिमीटरच्या काही फॉलिकल्सना एफएसएच या संप्रेरकाचा खुराक मिळतो. एव्हाना बाहेरून थीका नावाच्या पेशींचा आणखी एक थर आलेला असतो. थीका पेशी कच्चा माल बनवतात, आणि तोही कुठला तर पुरुषी म्हणून ओळखली जाणारी संप्रेरकं. ग्रॅन्युलोसा पेशी त्यांचं इस्ट्रोजेन करतात. एकीला दुसरीचं काम येत नाही. इस्ट्रोजेन वाढलं की मेंदूकडे निरोप जातो आणि एफएसएच कमी होतं. खुराक कमी झाल्यावर टिकतं कोण? ज्याच्या ग्रॅन्युलोसा पेशी जास्त, ज्यांची एफएसएच टिपण्याची ताकद जास्त, आणि ज्यांनी एलएचही टिपायला सुरुवात केलीय ते. साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास निकाल लागतो. एक पुढे जातं, वीसेक मिलिमीटरचं होतं, बाकीची विरून जातात. निवड होते ती बीजाच्या 'हुशारी'वर असं मला वाटायचं. प्रत्यक्षात शर्यत बऱ्याच अंशी भोवतालच्या पेशींची असते.

हे सगळं मी रविवारी फोनवर बाबांना सांगत होते (रिपोर्टबद्दल नाही, नुसतं विज्ञान. बाबा निवृत्त मास्तर, त्यांना असलं काही सांगितलं की खूश असतात). माहेर माझं फलटण. बाबा म्हणाले, "अगं, हे तर आपल्या निंबकरांच्या मेंढ्यांचं प्रकरण!"

मी फलटणला वाढले आणि मला हे माहीत नव्हतं, याची लाज वाटली. बोनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव 'नारी'. (माझ्या विषयाला याहून चांगलं नाव मला सुचलं नसतं.) आपल्याकडच्या दख्खनी मेंढीला एका वेळी बहुधा एकच कोकरू होतं. सुंदरबनातल्या गरोळ जातीच्या छोट्याशा मेंढीला मात्र दोन, कधी तीन होतात. अठराव्या शतकाच्या अखेरीला कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर हा गुण तिकडे पोचला असं मानतात. तिकडे त्याला बुरूला म्हणतात. यामागचं जनुक २००१ साली सापडलं. 'नारी'तल्या मंडळींनी संकर करत करत ते गरोळमधून दख्खनी मेंढीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' नावाची मेंढी तयार केली.

आता गंमत ऐका. हे जनुक बीजांची संख्या वाढवत नाही. ते बदलतं ग्रॅन्युलोसा पेशींचा निरोप ऐकण्याचा स्वभाव. त्या लवकर तयार होतात, म्हणून फॉलिकल लहान असतानाच पिकतं. लहान फॉलिकल संप्रेरकही थोडंच सोडतं, त्यामुळे एफएसएच लगेच कमी होत नाही आणि दोनतीन फॉलिकल्सना शेवटपर्यंत जाता येतं. त्या सगळ्यांचं मिळून संप्रेरक भरतं ते साधारण एका मोठ्या फॉलिकलइतकंच! साठा तोच, पेशींचा स्वभाव बदलला आणि धनगराच्या दारात जुळी कोकरं आली.

बाबांनी शेवटी मास्तरांच्या सवयीने पुस्ती जोडली, "पण दोन कोकरं झाली की मेंढीला दूधही तेवढं लागतं, आणि धनी लक्ष देणारा लागतो. नुसती संख्या वाढून भागत नाही."

बाबांना माझा रिपोर्ट माहीत नव्हता. तरी मला वाटलं, हे त्यांनी मलाच सांगितलं.

आता परत त्या लाल बाणाकडे. ए.एम.एच. बनवतात कोण? ग्रॅन्युलोसा पेशी. आणि त्याही सगळ्या नव्हेत. ज्यांची वाढ सुरू झालीय पण अजून आठेक मिलिमीटरच्या पुढे गेली नाहीत, अशा लहान फॉलिकल्समधल्याच. झोपलेल्या फॉलिकल्सच्या चपट्या पेशी ते बनवत नाहीत. म्हणजे माझ्या रक्तातला १.१ हा गोदामातला साठा नाही. आत्ता कामावर असलेल्या लहान फॉलिकल्सच्या बोलण्याचा तो आवाज आहे. त्यावरून मागे किती झोपलीत याचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज एका ठिकाणी खरंच उपयोगी पडतो: आयव्हीएफमध्ये इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं मिळतील हे ठरवायला. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा आकडा उतरतो. प्रत्येक प्रयोगशाळेची मोजायची पद्धत वेगळी असेल तरी तो बदलतो.

त्या झोपलेल्या लाखोंतलं, किंवा आत्ता वाढणाऱ्यातलं, बीज चांगलं आहे का? ए.एम.एच.ला ते सांगता येत नाही. मी नैसर्गिकरीत्या आई होऊ शकेन का? २०१७ साली अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या साधारण ७५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना आधी वंध्यत्वाचा काही त्रास नव्हता आणि त्यांनी नुकतेच प्रयत्न सुरू केले होते. सहा पाळ्यांत गर्भ राहण्याची शक्यता कमी ए.एम.एच. असलेल्यांत ६५ टक्के आणि नॉर्मल असलेल्यांत ६२ टक्के निघाली. म्हणजे फरक नाहीच. २०१९ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट म्हटलं की मूल होण्यात अडचण नसलेल्या स्त्रियांना सल्ला देण्यासाठी ही टेस्ट वापरू नये. माझा रिपोर्ट त्यानंतरचा आहे. फोन करणाऱ्या मुलीच्या कागदावर हे कुणी लिहून दिलं नव्हतं.

आणि आकडा जास्त आला म्हणजे पार्टी करायची का? माझ्या टीममधल्या एकीचा ९ आला. तिला फोन नाही आला, उलट रिपोर्टवर हिरवा बाण. तिला पीसीओडी आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही. तिच्या अंडाशयात लहान फॉलिकल्स खूप आहेत, पण ती मधेच अडकतात, म्हणून आवाज मोठा. सोनोग्राफीत त्यांनाच 'गाठी' म्हणतात आणि घरचे घाबरतात. त्या गाठी नाहीत. अर्ध्या वाटेत थांबलेली फॉलिकल्स आहेत. ज्या आकड्याने मला घाबरवलं त्याच आकड्याने तिला शाबासकी दिली, आणि दोन्ही चुकीचं.

'म्हणजे काही काळजी नको, आरामात घ्या' असं मी म्हणतेय का? नाही. इथे प्रामाणिक राहायला हवं. वयाचा परिणाम खराच आहे. विभाजन अर्ध्यावर थांबलेलं असताना गुणसूत्रांच्या जोड्या बांधून ठेवणारी प्रथिनं असतात, ती आईच्या पोटात असतानाच बांधली जातात आणि वर्षांगणिक सैल होत जातात. पस्तिशीनंतर गुणसूत्रं चुकीची वाटली जाण्याचं प्रमाण वाढतं, चाळिशीकडे फारच. हे ए.एम.एच. १.१ असलेलीलाही लागू आणि ५ असलेलीलाही. ते सांगायला रक्त काढावं लागत नाही, आधार कार्ड पुरतं. आणि एग फ्रीझिंग ही काही थाप नाही. कॅन्सरचे उपचार घ्यायच्या आधी एखादीला ते वरदान ठरू शकतं. कुणी सगळं समजून, खात्री नाही हे माहीत असताना ते निवडत असेल तर तिला अडवणारी मी कोण? माझा राग तंत्रज्ञानावर नाही. न मागता घेतलेल्या टेस्टवर, न समजावता लावलेल्या लाल रंगावर आणि तासाभरात आलेल्या फोनवर आहे.

आम्ही इंजिनिअर लोक या सापळ्यात सगळ्यात आधी सापडतो, असं मला वाटतं. दिवसभर डॅशबोर्ड बघतो. लाल दिसलं की हात शिवशिवतात, कारण लाल म्हणजे कुणाचं तरी काहीतरी चुकलंय आणि आजच दुरुस्त करायचंय. पण डॅशबोर्डवर तेच दिसतं जे मोजायला सोपं आहे. आमच्या एका सर्व्हरवर सीपीयूचा आकडा वर्षभर हिरवा होता आणि ग्राहकांची पेमेंट्स अडकत होती. कारण आम्ही जे मोजत होतो ते पेमेंटचं नव्हतंच. स्त्रीच्या शरीराच्या बाबतीत तर सगळ्यांना एक आकडा हवाच असतो. आधी पत्रिकेतले गुण होते, आता नॅनोग्रॅम आहेत. उद्या स्थळ बघताना हा रिपोर्ट मागितला गेला तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि म्हणूनच आत्ता ओरडतेय.

मी एचआरला मेल टाकलीय. मागणी साधी आहे: ही टेस्ट पॅकेजमधून काढा, ज्यांना हवी त्यांनी डॉक्टरांशी बोलून करावी, आणि कुणाचाही रिपोर्ट पुढच्या विक्रीसाठी वापरला जाऊ नये. "व्हेंडरशी बोलून कळवतो" असं उत्तर आलंय. तुमच्याकडे असं पॅकेज असेल तर टिक करायच्या आधी एकदा यादी वाचा. आणि टेस्ट झालेलीच असेल, आकडा लाल असेल, तर त्या फोनवर काहीही ठरवू नका. आधी अशा डॉक्टरांकडे जा ज्यांना तुम्हाला काही विकायचं नाहीये.

आमचं काय झालं? मूल आत्ता, की जर्मनीनंतर, ते अजून ठरलेलं नाही. पण ती स्प्रेडशीट मी उघडली आणि ए.एम.एच.ची ओळ उडवली. आमच्या दोघांच्या वयाची ओळ ठेवली. नवऱ्याने खाली एक नवीन ओळ घातली: 'आपल्याला काय हवंय?' त्या ओळीतले रकाने अजून रिकामे आहेत. आज संध्याकाळी बसणार आहोत, चहा घेऊन, भांडायचं नाही असं ठरवून.

सासूबाईंनाही फोन केला. सगळं सांगितलं: पेशी, निरोप, फलटणच्या मेंढ्या, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या बाहेरच्या पेशी बीजाला धरून ठेवतात, आणि वेळ आली की सोडतात?"

"हो आई."

"मग आम्हालाही तेच जमायला हवं, नाही का?" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

असो. फार लांबलं. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन. हिमोग्लोबिन मात्र छान आलंय हं, १३.२. त्यासाठी अजून कुणाचा फोन आलेला नाही.